अकोला नाक्यावरचं हिरवं पान

शोरूममध्ये येण्याआधी अश्वजित पडघानने चौदा वर्षं मेडशी ते मालेगाव जीप चालवली होती. नऊ जणांच्या जागेत सतरा माणसं, टपावर सोयाबीनची पोती, आणि गिअर टाकायचा झाला की शेजारच्या बाईला म्हणायचं, "मावशी, गुडघा सरकव जराक." इंजिनात कुठे काय दुखतंय हे त्याला बॉनेट न उघडता कळायचं. नुसता कान देऊन सांगायचा. एकदा मेडशीच्या फाट्यावर उदयसिंग यांची गाडी बंद पडली. वाशिमच्या अकोला नाक्यावरच्या मोठ्या काचेच्या शोरूमचे हे मालक, उन्हात रुमाल डोक्यावर टाकून उभे होते. अश्वजितने दहा मिनिटांत गाडी चालू करून दिली आणि एक रुपया घेतला नाही. उदयसिंग म्हणाले, "सोमवारी शोरूमात येजो."

पहिली दोन वर्षं गिऱ्हाइकाला चक्कर मारून आणायची, एवढंच त्याचं काम. मग कंपनीने हायब्रिड गाडी आणली. पेट्रोलवरही चालणारी, बॅटरीवरही. इंग्रजी बोलणाऱ्या पोरांना ती विकता येईना, कारण शेतकरी आणि मास्तर लोक गाडीत बसायचे, बटण दाबायचे आणि म्हणायचे, "हे तं चालूच नाई झाली!" गाडी बॅटरीवर चालू झालेली असायची, पण आवाज नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. अश्वजित काही समजावत बसायचा नाही. गिऱ्हाइकाचा पाय हळूच ब्रेकवरून काढायला लावायचा. गाडी मांजरीसारखी पुढे सरकायची आणि माणूस दचकून "आवं!" करायचा. मग अश्वजित सांगायचा, "हळू चालवसान तं बॅटरी, दाबसान तं पेट्रोल. ब्रेक मारला का बॅटरी आपोआप भरते. वायर लावाची नाई. गावात तीन दिवस लाईन नसली तरी गाडी उभी नाई राहत."

त्या शेवटच्या वाक्यावर गाड्या खपल्या. एका दिवाळीत त्याने अकरा विकल्या. उदयसिंगांनी सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात हार घातला, फोटो काढून भिंतीवर लावला आणि म्हणाले, "हा माहा हिरो." अश्वजितने मेडशीला पक्कं घर बांधलं. मुलगी धम्मदीपा अकोल्याला नर्सिंगला गेली. त्याचे वडील भिवाजी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, फाट्यावर चहा पिताना ओळखीच्या-अनोळखीच्या माणसाला सांगायचे, "पोरगा गाड्याईच्या शोरूमात सायेब हाय."

त्याच काळात कामरगावची स्नेहा शोरूमला लागली. बी.कॉम. झालेली, गिऱ्हाईक समोर आलं की हात ओढणीत गुंडाळणारी. तिला अश्वजितनेच शिकवलं. "किंमत आधी सांगू नोको. आधी बसव. माणूस कायले भेते ते पाय, अन् त्याचंच बोल." ती त्याला दादा म्हणायची. डबा खायला अश्वजित, स्नेहा आणि गोविंदा, असे तिघे मागच्या खोलीत बसायचे. गोविंदा पन्नाशी ओलांडलेला, शोरूममधला सगळ्यात जुना माणूस. बीपीची गोळी डब्याच्या झाकणात ठेवून जेवायचा, म्हणजे विसरायला नको.

मग रस्त्याच्या पलीकडे विजेच्या गाड्यांचं शोरूम उघडलं.

आधी कोणी मनावर घेतलं नाही. पण विजेच्या गाडीला करात सवलत होती, हायब्रिडला नव्हती. लोकांच्या घरांवर सोलर आले होते. गिऱ्हाईक यायचं ते मोबाईल पुढे करून, "हे पाय, किलोमीटरले इतकाच खर्च येते." ज्यांना तेही नको होतं, ते हिंगोली रोडला जाऊन सीएनजीची गाडी घ्यायचे. अकरा गाड्या विकल्या त्याच्या पुढच्या दिवाळीत अश्वजितने चार विकल्या. त्याच्या पुढच्या दिवाळीत एक. तीही स्वतःच्या साडूला.

स्नेहा पलीकडे गेली. जाताना त्यालाही म्हणाली, "दादा, तुमी बी चाला. हे गाडी आता नाई चालत."

"उदयसिंगभाऊनं मले जीपीवरून उचललं," तो म्हणाला. "असं सोडून जाता येते काय?"

ती गेली आणि पलीकडच्या काचेआड उभी राहून त्याचीच विद्या त्याच्यावर चालवू लागली. लोक कशाला भितात हे तिला माहीत होतं. ती गोड बोलून सांगायची, "काका, दोन इंजिनं म्हणजे दोन दुरुस्त्या." अश्वजितची दोन पक्की गिऱ्हाइकं एका आठवड्यात रस्ता ओलांडून गेली. त्याने काचेतून दोन्ही पाहिली.

उदयसिंग ओरडणारे मालक नव्हते. ते हसायचे. मार्चमध्ये त्यांनी सगळ्यांना जमवलं आणि एक मोठं गाठोडं सोडलं. आत कंपनीने जाहिरातीसाठी कधीतरी पाठवलेलं सोंग होतं. डोक्यापासून गुडघ्यापर्यंतचं स्पंजचं हिरवं पान, डोळ्यांना दोन भोकं, तोंडाजवळ जाळी, पाठीला चेन. पोटावर लिहिलेलं, 'पेट्रोलही, बॅटरीही'.

"ज्याची आठवड्यात एकबी गाडी नाई गेली," उदयसिंग म्हणाले, "तो शनिवारी पान होईन. अकरा ते चार, नाक्यावर. हात हालवाचे, पोट्ट्याईले टाटा कराचा. हासत हासत करा बरं, जाहिरात हाय ते." मग अश्वजितकडे वळून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सुरवात आपल्या हिरोपासून."

सगळे हसले. अश्वजितही हसला, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

आत पहिली पंधरा मिनिटं नुसतं गरम वाटतं. मग घाम डोळ्यांत उतरतो आणि तो पुसता येत नाही, कारण हात स्पंजच्या पंज्यात अडकलेले. आपलाच श्वास जाळीवर आदळून तोंडावर परत येतो. पोरं मागून येऊन ठोसा मारून पळत. ट्रकवाले हॉर्न वाजवून दाद देत. पलीकडे विजेच्या शोरूमच्या दारात स्नेहा एकदा आली, बघितलं आणि मान खाली घालून आत गेली. तिला आत कोण आहे ते उंचीवरूनच कळलं असावं.

दुसऱ्या शनिवारी मेडशीच्या एका माणसाला ते कळलं. पान पाणी प्यायला चेन उघडून बसलं होतं, तेव्हा त्याने चेहऱ्यासकट व्हिडिओ काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. 'पडघान सायेबाची नवी ड्युटी.'

त्या दिवशी संध्याकाळी अश्वजित घरी आला तर भिवाजी ओट्यावर बसले होते, फोन मांडीवर. ऐंशीचे झाले होते, पण पाठ ताठ.

"हे तूच का?"

"जाहिरात हाय बाबा. कंपनीचं काम."

भिवाजींनी व्हिडिओ बंद केला. मग म्हणाले, "मी अकरा वर्साचा व्हतो. माह्या बापाजवळ गावकीची काठी व्हती, घुंगराची. ते घेऊन चावडीपुढं उभं राहा लागे. कोणी आलं का वर्दी दे, पाटलानं हाक मारली का धाव. नागपूरले दीक्षा घेऊन आला अन् दुसऱ्या दिवशी काठी नदीत फेकली त्यानं. त्याच्यापाई दोन वर्स आमाले गावात कोणी काम नाई देल्लं. कोंडा खाल्ला आमी." फोन त्यांनी ओट्यावर उपडा ठेवला. "त्याईले हुकूम पाटलाचा व्हता, अश्वजित. तुले कोणाचा हाय?"

"धम्मदीपाचं शेवटचं वर्स हाय बाबा."

"हो," म्हातारा म्हणाला. "आमच्या बापालेबी पोट्टे व्हते."

त्यानंतर भिवाजी चहाला फाट्यावर गेले नाहीत. जेवताना अश्वजितकडे पाठ करून बसू लागले.

मे महिना लागला. अश्वजितवर तिसऱ्यांदा पान व्हायची पाळी आली, पण त्या आठवड्यात ती गोविंदावरही तेवढीच होती. दोघांचीही आठवड्यात गाडी गेली नव्हती आणि सोंग एकच होतं. गोविंदाची मात्र एक जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. इंझोरीजवळच्या वस्तीवरच्या गोमतीबाई आणि त्यांचा मुलगा बादल. त्यांची जमीन रस्त्यात गेली होती, मोबदला आला होता, आणि बादलला भाड्याने चालवायला गाडी हवी होती. गोविंदा तीनदा त्यांच्या घरी जाऊन आला होता. तिथे बसून भाकर खाल्ली होती.

त्याच आठवड्यात अश्वजितने एक गोष्ट पाहिली. उदयसिंग दोन परक्या माणसांना घेऊन शोरूमभर फिरत होते. ते भिंती मोजत होते, कुठे चार्जर बसतील ते खुणावत होते. नंतर वर्कशॉपच्या हेडने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "दिवाळीच्या आत हायब्रिडची एजन्सी सोडून राह्यले. वर्कशॉप बंद. मंग हे गाडी बिघडली तं नागपूरले न्या लागन. कोणाजवळ बोलू नोको."

शुक्रवारी गोमतीबाई आल्या. गोविंदा आरटीओ ऑफिसात गेला होता.

"गोविंदाभाऊ नाईत काय?" त्यांनी विचारलं.

"येतीन," अश्वजित म्हणाला. "तोवर बसा ना गाडीत. मीबी त्याईचाच माणूस हाय."

गोमतीबाई मागच्या सीटवर बसल्या आणि हाताने कापड चाचपत राहिल्या. "वीस वर्स दुसऱ्याच्या ट्रकात बसून ऊस तोडाले गेलो," त्या म्हणाल्या. "आता आपल्या गाडीत बसाचं."

बादलचं मन मात्र पलीकडे होतं. स्नेहाने त्याला आकडेमोड करून दाखवली होती आणि भाड्याच्या गाडीसाठी ती खरी होती, हे अश्वजितला कळत होतं. माणूस कशाला भितो ते पाहायचं. त्याने मोबाईल काढला आणि एक व्हिडिओ लावला. रस्त्याच्या कडेला एक गाडी धडधडा जळत होती.

"विजेची हाय हे," तो बादलला म्हणाला, पण फोन आईपुढे धरून. "आपल्याकडलं ऊन काय हाय माहीत हाय ना? आत चार माणसं व्हती."

व्हिडिओ कुठल्या देशातला आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्यात माणसंही नव्हती.

गोमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. "नाई रे बावा. मले नाई पायजे ते आगीची गाडी." मग त्यांनी विचारलं, "अन् हे बिघडली तं?"

"मी हाय ना इथं," अश्वजित म्हणाला.

गोविंदा परतला तेव्हा सह्या होऊन पेढे वाटून झाले होते. गोमतीबाईंनी त्यालाही पेढा दिला. त्याने तो घेतला, त्या जाईपर्यंत हातात धरून ठेवला, आणि मग मागच्या खोलीत येऊन म्हणाला, "अश्वजित, थे माहे गिऱ्हाईक व्हते."

"तू नव्हता. ते चालले व्हते उठून."

"फोन करता आला असता."

अश्वजित सह्या झालेले कागद फाईलीत लावू लागला.

"मले ऊन नाई सोसत, तुले माहीत हाय," गोविंदा म्हणाला. भांडणाचा सूर नव्हता. माहिती द्यावी तसं म्हणाला.

शनिवारी चव्वेचाळीस डिग्री होतं. अश्वजित आत एसीत बसला होता आणि काचेतून पान दिसत होतं. आधी ते हात हलवत होतं. बाराच्या सुमारास एका हातानेच हलवू लागलं. साडेबाराला ते शोरूमच्या दाराशी आलं आणि स्पंजच्या पंज्याने काचेवर दोनदा थापटलं. उदयसिंगांनी केबिनमधून मान वर केली आणि बोटाने घड्याळ दाखवलं. पान परत नाक्यावर गेलं. अश्वजितच्या मनात आलं की उठून सांगावं, याला बीपी आहे, आज राहू द्या. पण उदयसिंग काय म्हणतील तेही त्याला ठाऊक होतं. 'मंग तू घाल.' तेवढ्यात फोन वाजला, आणि त्याला फोन वाजल्याचं बरं वाटलं. तो बोलत राहिला. गरजेपेक्षा जास्त बोलला.

परत पाहिलं तेव्हा पान दुभाजकाला टेकून बसलं होतं. मग कुशीवर कलंडलं. भोवती माणसं जमली. काही हसत होती, दोघं-तिघं व्हिडिओ काढत होते. सगळ्यांना वाटलं, जाहिरातीचाच भाग आहे.

सगळ्यात आधी पळत आली ती पलीकडून स्नेहा. अश्वजित पोचला तेव्हा ती पाठीची चेन ओढत होती आणि ती अडकली होती. "ब्लेड आना कोणी!" ती किंचाळत होती. स्पंज फाडून गोविंदाला बाहेर काढला. त्याचं अंग कोरडं पडलं होतं आणि हाताला चटका बसत होता. डोळे उघडे होते, पण ते कोणाकडे बघत नव्हते. सरकारी दवाखान्यात संध्याकाळपर्यंत तो होता, मग गेला.

रविवारी उदयसिंगांनी सगळ्यांना बोलावलं. आज ते हसत नव्हते, पण आवाज शांत होता. "गोविंदा सुटीवर व्हता. नाक्यावर चाय प्याले आला अन् चक्कर आली. व्हिडिओत पान दिसते, आत कोन हाय ते कोणाले दिसते? स्पंज फाडून काढला तवा समद्याईनं फोन खाली ठेवले व्हते, मी पायलं." मग त्यांनी अश्वजितकडे पाहिलं. "उद्यापासून फ्लोअर तू सांभाळ. मॅनेजर म्हणून."

अश्वजितने मान डोलावली.

दहाव्या दिवशी गोविंदाची बायको प्रयागबाई शोरूमला आली. आत आली नाही, पायरीशीच उभी राहिली. अश्वजित बाहेर गेला.

"भाऊजी, समोरची थे पोरगी म्हणते का त्याईले पानात घालून उन्हात उभं केलं व्हतं," ती म्हणाली. "उदयसिंग भाऊसाहेब म्हणते थे पोरगी समोरच्या दुकानाची, आपला धंदा बुडवाले बोलते. पोलिसबी तसंच म्हणते. तुमी त्याच्यासंगं जेवाले बसत. तुमी सांगसान ते मी खरं मानीन."

काचेआड उदयसिंग उभे होते. हातात चहाचा कप होता.

"सुटीवर व्हता तो, वहिनी," अश्वजित म्हणाला.

प्रयागबाईने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पदर सावरून ती निघून गेली.

मॅनेजरकी पाच महिने टिकली. दसऱ्याच्या आधी पाटी उतरवली आणि दुसऱ्या कंपनीच्या विजेच्या गाड्यांची पाटी चढली. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विजेच्याच गाड्या. उरलेल्या तीन हायब्रिड ताडपत्री टाकून मागच्या आवारात लावल्या. उदयसिंगांनी अश्वजितला केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला.

"चार वर्स तू लोकाईले सांगतलं का वायर लावाची गाडी घेऊ नोका," ते म्हणाले. "आता तूच वायर लावून दाखोशीन तं लोक हासतीन ना बे. तुह्या भल्याचंच सांगून राह्यलो."

चहा येण्याआधीच बोलणं संपलं होतं.

तोवर बादलची गाडी बंद पडली होती. बॅटरीचा कुठलासा भाग नागपूरहून यायचा होता आणि येत नव्हता. गाडी महिनाभर वस्तीवर उभी होती. गोमतीबाई अश्वजितला फोन करायच्या. पहिले दोन त्याने उचलले. तिसऱ्याला बादल बोलला, "आई पुन्यांदा उसाले चालली, हे सांगाले फोन केला." त्यानंतर त्याने तो नंबर उचलला नाही.

तो रस्ता ओलांडून स्नेहाकडे गेला. ती आता तिथली मॅनेजर होती. तिने त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"गाड्या विकनं मी तुमच्याजवळूनच शिकलो, दादा," ती म्हणाली. "तुमाले नाई म्हणाची माही काय हिंमत? पन एक सांगा. प्रयागबाईले तुमी काय सांगतलं?"

त्याने ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं.

"त्या दिवसापासून माह्यावर धंद्यापाई खोटं बोलल्याचा डाग हाय," स्नेहा म्हणाली. "तुमी एकटे तो पुसू शकत व्हते." ती उठली आणि एका गिऱ्हाइकाकडे गेली. त्याला जा असंही म्हणाली नाही.

अश्वजित पुन्हा जीप चालवू लागला. दुसऱ्याची जीप, रोजाने. भिवाजींनी एकदा त्याला फाट्यावर माणसं भरताना पाहिलं आणि न थांबता पुढे गेले.

जानेवारीत एका दुपारी तो वाशिमला गोविंदाच्या घरी गेला. मनाशी बोलायचं ठरवूनच गेला होता. प्रयागबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तो खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. गिऱ्हाईक कसं घेतलं ते, काचेवरची थाप, तो फोन, पायरीवर खोटं बोललो ते. सांगताना रडला. तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"मले माहीत हाय," ती शेवटी म्हणाली. "अंगावर हिरव्या स्पंजाचे तुकडे व्हते त्याईच्या. मीच काढले धुताना."

"मंग तुमी..."

"तुमी त्या दिवशी खरं सांगतलं असतं तं मी भांडलो असतो. पार अकोल्यापोतर गेलो असतो. तुमी नाई म्हटलं अन् माह्यातलं बळच गेलं. मंग भाऊसाहेबाच्या वकिलानं कागद आनला, त्यावर अंगठा देल्ला." शेंगेतले दाणे तिने सुपात टाकले. "आता तठीच, शोरूमात, कामाले हाय मी. झाडू-पोछ्याले. सकाळी आठ वाजता थे काच मीच पुसतो."

अश्वजित उठू लागला. "मी पोलिसात जाऊन सांगतो वहिनी. आजच जातो."

तेव्हा मात्र तिचे हात थांबले. ती घाबरली होती. तिने कुंपणापलीकडे पाहिलं, शेजारी कोणी ऐकत नाही ना म्हणून.

"नोका जाऊ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "माह्या पोटावर पाय नोका देऊ आता. दोन पोरी हायत मले. बसा, चाय ठेवतो. पन हे बोलनं इथं परत काढू नोका."

ती आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. अश्वजित अंगणात बसून राहिला. तिने कप आणून दिला, तो त्याने संपवला, धुऊन दाराशी ठेवला, आणि तीनची मेडशीची खेप भरायला स्टँडवर गेला.